सैन्यातली चार वर्षं आणि अर्जातली चार वर्षं

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आता वयात येते आहे. आजोबा जळगाव-धुळ्याकडून ताप्ती काठच्या रेल्वेने इथं उतरले, लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून त्यांनी एक खोली उभी केली. वडील मिलमध्ये किंवा साडीच्या पॅकिंगमध्ये राबले. अशा घरात पोरगा बारावी झाला की सल्ला ठरलेला असतो: काहीही कर, पण परमनंट सरकारी नोकरी धर. आणि त्याने सैन्यभरतीचं नाव काढलं की उत्तरही ठरलेलं असतं: चार वर्षांनी घरी पाठवतात, त्यापेक्षा क्लास लाव आणि तलाठ्याची परीक्षा दे.

या सल्ल्यामागची माया मला कळते. तरीही हा सल्ला चुकीच्या हिशेबावर उभा आहे, आणि त्यापायी अनेक चांगली पोरं आपलं हक्काचं वय घालवून बसतात.

आधी या सल्ल्याची खरी बाजू मांडतो. लूमवरच्या माणसाला पेन्शन नसते. तेजी-मंदीचा पहिला फटका त्यालाच बसतो. हात थकले की कमाई थांबते. ज्याने हे तीस वर्षं भोगलं, त्याला महिन्याच्या एक तारखेला हमखास येणारा पगार म्हणजे सुखाची सीमा वाटली, तर त्यात लोभ नाही. शिवाय सैन्यही पूर्वीचं राहिलं नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. पूर्वी जवान किमान पंधरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन ऐन पस्तिशीत घरी यायचा. आता अग्निवीर चार वर्षांसाठी लागतो आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करतात. बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आईबाप घाबरतात ते उगाच नाही.

चूक होते ती इथून पुढे. आईबाप अग्निवीराच्या चार वर्षांची तुलना तलाठ्याच्या खुर्चीशी करतात. पोराला मात्र खुर्ची मिळत नाही, त्याला मिळते खुर्चीसाठीची रांग. तेव्हा तुलना रांगेशी करायला हवी.

ही रांग किती लांब आहे ते बघा. गुजरातच्या बिनसचिवालय, म्हणजे सचिवालयाबाहेरच्या कचेऱ्यांतल्या, कारकुनाच्या जागांसाठी २०१८ मध्ये अर्ज मागवले. परीक्षा झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. गैरप्रकार उघड झाले, उमेदवार गांधीनगरात रस्त्यावर बसले आणि डिसेंबरात परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षेचा दिवस उजाडला २४ एप्रिल २०२२ रोजी. म्हणजे अर्ज भरल्यापासून साडेतीन वर्षं पोरगा नुसता वाट बघत होता. एवढ्या काळात अग्निवीराची नोकरी संपत येते.

हा एकच अपवाद असता तर मी बोललो नसतो. २ डिसेंबर २०१८ ला लोकरक्षक दलाचा, म्हणजे पोलीस भरतीचा पेपर फुटला. डिसेंबर २०२१ मध्ये हेड क्लार्कचा फुटला. २९ जानेवारी २०२३ ला पंचायतीच्या ज्युनियर क्लार्कची परीक्षा होती, १,१८१ जागांसाठी साडेनऊ लाखांवर उमेदवार, एका जागेमागे आठशे. त्या दिवशी पहाटे पेपर फुटल्याचं कळलं आणि परीक्षा रद्द झाली. पोरं रात्रीच्या गाडीने परगावच्या केंद्रांवर पोचलेली होती, ती तशीच परतली. त्यानंतर राज्याने पेपरफुटीविरुद्ध कडक कायदा केला आणि एप्रिलमध्ये परीक्षा नीट पार पडली, हेही सांगितलं पाहिजे. पण पेपरफुटी थांबली म्हणून गर्दी कमी झाली नाही. मे २०२३ च्या तलाठी परीक्षेत ३,४३७ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते.

समजा, पोरगा या गर्दीतून पार झाला. तरी तो लगेच ‘परमनंट’ होत नाही. गुजरातेत तिसऱ्या वर्गाच्या नोकरीत पहिली पाच वर्षं फिक्स पगार असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो तीस टक्क्यांनी वाढवला तेव्हा कारकून दर्जाचा १९,९५० रुपयांचा पगार २६,००० च्या घरात गेला. आणि आजोबांच्या डोळ्यांपुढे असते ती जुनी पेन्शन? १ एप्रिल २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला ती नाहीच. घरात बोलताना मात्र अजून ‘पेन्शनीची नोकरी’ असंच म्हणतात.

आता अग्निवीराचा हिशेब. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवानिधीत जमा, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. जेवणखाण, राहणं, कपडे सरकारचे. अठराव्या वर्षी लागलेला पोरगा बाविसाव्या वर्षी अकरा-बारा लाख गाठीला बांधून, कमावलेलं शरीर घेऊन बाहेर येतो. त्याच बाविसाव्या वर्षी क्लासवाला पोरगा बापाच्या पैशाने तिसऱ्या-चौथ्यांदा फॉर्म भरत असतो. दोघांपैकी कोणाची चार वर्षं वाया गेली?

‘पण तो बाहेर येऊन शेवटी त्याच रांगेत उभा राहणार ना?’ हा आक्षेप मी ऐकला आहे. होय, पंचाहत्तर टक्के येणारच. फरक असा की तो बापावर ओझं होऊन उभा राहत नाही. निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा राखीव ठेवायचं केंद्राने २०२२ मध्ये जाहीर केलं. सशस्त्र पोलीस आणि राज्य राखीव दलाच्या भरतीत प्राधान्य देऊ, असं गुजरात सरकारने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. इग्नूने अग्निवीरांसाठी अशी पदवी आखली आहे की तिचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सैन्यातल्या प्रशिक्षणातूनच धरले जातात. यातलं प्राधान्य म्हणजे आरक्षण नव्हे, आणि आश्वासन म्हणजे नेमणूक नव्हे, हे मी जाणतो. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडते. या शब्दांची खरी पारख तेव्हाच होईल. तरीही या आश्वासनांच्या आधाराने रांगेत उभं राहणं हे काहीच हाती नसताना उभं राहण्यापेक्षा बरं.

सर्वांत मोठा मुद्दा वयाचा आहे आणि घरात त्याचीच चर्चा होत नाही. सैन्याचं दार साडेसतराव्या वर्षी उघडतं आणि एकविशी-बाविशीत कायमचं बंद होतं. १,६०० मीटर धावून, बीमवर पुलअप मारून आत जायचं असतं. ते शरीर तिशीत परत मिळत नाही. सरकारी कचेरीचं दार तिशी ओलांडली तरी उघडं असतं. दोन दारांतलं एक आधी बंद होणार असेल, तर आधी त्याच दाराशी जावं. आणि आपल्या पोरांची भाषेची सबबही आता उरलेली नाही: २०२५ पासून सैन्याची सामाईक प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते, गुजरातीतही.

जिवाच्या धोक्याबद्दल मी आईला खोटं सांगणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर मरण पावला. कर्तव्यावर प्राण देणारा तो पहिला अग्निवीर. त्याच्या घरच्यांसाठी ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान आणि इतर रकमा सैन्याने जाहीर केल्या. पण कायम जवानाच्या आईला किंवा पत्नीला महिन्याला मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन अग्निवीराच्या घराला नाही. हा अन्याय आहे. एकाच खंदकात, एकाच गोळीने पडलेल्या दोघांच्या आयांमध्ये सरकारने भेद करू नये. अग्निवीराच्या कुटुंबाला पूर्ण निवृत्तिवेतन मिळालं पाहिजे, ही मागणी आपण मोठ्याने केली पाहिजे. पोराला सैन्यात पाठवणाऱ्या घराचा तर ती करण्याचा पहिला हक्क आहे.

दुसऱ्या टोकाचे लोकही तितकेच चुकतात. वर्दी घातली तीच देशसेवा, कचेरीत बसला तो सुखासीन, असं व्यासपीठावरून बोलणारे. त्यांनी सुरतेचाच इतिहास आठवावा. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसं हे शहर सोडून पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दीड-दोन वर्षांत याच शहराची गणना देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. ते काम महापालिकेच्या सफाई कामगारांनी, निरीक्षकांनी, कारकुनांनी केलं. त्यांतले अनेक रोज पहाटे रस्त्यावर उतरत होते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हाही गाळ उपसायला हेच लोक होते. अशी नोकरी मनापासून करणाऱ्या माणसाला कोणी कमी लेखू नये. ज्याला कचेरीचं काम आवडतं, ज्याच्यावर आजारी आईबापांचा भार आहे, त्याने निःशंक तीच वाट धरावी.

मात्र सुरतेच्या अभिमानाबद्दल थोडं बोलायला हवं. कारगिलच्या १९९९ सालापासून हे शहर शहिदांच्या कुटुंबांसाठी सढळ हाताने पैसे गोळा करत आलं आहे. शहराचं नाव एका विनाशिकेला मिळालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हजिऱ्याचं दीपगृह आणि सिंह असलेलं तिचं मानचिन्ह इथंच प्रकाशित झालं आणि १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत ‘आयएनएस सुरत’ नौदलात दाखल झाली. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैसा आणि टाळ्या देणाऱ्या शहराने, घरातलं कोणी स्वतःहून जायला निघालं, तर त्याची वाट अडवू नये. हे मुलींनाही लागू आहे; नौदलाने २०२२ च्या पहिल्या तुकडीपासून त्यांना अग्निवीर म्हणून घेतलं आहे.

जाण्याआधी पोराला एक प्रश्न मात्र जरूर विचारा: तुला सैनिक व्हायचं आहे, की अकरा लाख हवे आहेत? नुसते पैसे हवे असतील तर त्याला पाठवू नका. बर्फात आणि रात्रीच्या पहाऱ्यावर पैशाची ओढ पुरत नाही. आणि अभ्यासात हुशार असेल तर जवानाच्या भरतीवर थांबू नका. बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), पदवीनंतर सीडीएसची (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) वाट आहे, ती अधिकाऱ्याच्या पदाकडे जाते. आपल्या वस्त्यांत या दोन परीक्षांचं नावही फारसं कानावर पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आईबापांनो, तुमचा पोरगा सतरा-अठराचा असेल आणि त्याला मनापासून जायचं असेल, तर त्याला पहाटे ग्राउंडवर जाऊ द्या आणि सैन्याचा फॉर्म आधी भरू द्या. तलाठ्याचा फॉर्म पंचविशीतही भरता येतो.