लहान मंडळाचा हक्क

अमेरिकेंतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारीं विद्यार्थिनींचीं भगिनीमंडळें आहेत. त्यांस तिकडे सोरॉरिटी म्हणतात. जुन्या मंडळांना स्वतःचीं निवासगृहें, माजी सभासदांचें द्रव्यबळ व पिढ्यान् पिढ्यांचा लौकिक लाभलेला असतो. नव्या मुलीस घ्यावयाचें कीं नाहीं हें सभासदच ठरवितात. अशा ठिकाणीं पांचसात मुलींनीं नवें, लहानसें मंडळ काढावें काय, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

कांहीं सुज्ञ म्हणतात कीं, यानें फूट मात्र पडते. जुन्यांत शिरून सुधारणा करावी हेंच श्रेयस्कर. जेथें दार उघडें आहे तेथें हा आक्षेप खरा आहे. परंतु दारच बंद असेल तर आंत शिरावें कसें? १९२२ च्या नोव्हेंबरांत इंडियानापोलिस शहरीं, बटलर विद्यापीठांत, सात कृष्णवर्णीय शिक्षिकांनीं 'सिग्मा गॅमा रो' हें मंडळ स्थापिलें. त्या काळीं गोऱ्या मुलींच्या मंडळांत त्यांच्या समाजास थारा नव्हता, आणि इंडियाना संस्थानांत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा मोठा जोर होता. बंद दारावर डोकें आपटीत न बसतां त्यांनीं आपलें घर बांधिलें. १९२९ सालीं त्या मंडळास रीतसर राष्ट्रीय संस्थेचें स्वरूप आलें; आज त्याच्या शाखा अमेरिकेबाहेरहि आहेत. १९९८ सालीं ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठांत दक्षिण आशियाई संस्कृतीशीं नातें सांगणारें 'कॅपा फाय गॅमा' मंडळ निघालें, तें याच वाटेनें.

लहानपण हा तर दोषच नव्हे. आज प्रतिष्ठित असलेलें 'गॅमा फाय बीटा' १८७४ सालीं सिरॅक्यूज येथें अवघ्या चौघींनीं काढिलें, आणि तेथें 'अल्फा फाय' हें मंडळ दोन वर्षें अगोदरचें होतें.

तथापि केवळ रुसव्यानें काढलेलें मंडळ टिकत नाहीं. विद्यार्थिनी चार वर्षांनीं विद्यापीठ सोडून जातात. धाकट्या मुलींस वेळींच कारभार शिकविला नाहीं, तर संस्थापिकांबरोबर संस्थाहि जाते. वर्गणी इतकी असावी कीं, गरिबाच्या मुलीस ती जड होऊं नये. आणि सर्वांत मोठें भय हें कीं, काल जिला बाहेर ठेविलें तीच उद्यां दुसरीस बाहेर ठेवूं लागते. तसें झालें तर नवें मंडळ म्हणजे जुन्याच भिंतीला लाविलेला नवा चुना होय.

आमच्या विद्यार्थिनींनीं पुढें कोणत्याहि महाविद्यालयांत मंडळ काढतांना हें ध्यानांत ठेवावें. पालकांनींहि आपली मुलगी कोणत्या मंडळांत घेतली गेली एवढेंच विचारून थांबूं नये. तेथें कोणास घेतलें जात नाहीं, हेंहि विचारावें.