पहिल्या तीन दिवसांचा धीर

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तीरावरचे प्राचीन देवालय ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या मार्कंडेयाची कथा अल्पायुषी ठरलेल्या बालकाला दीर्घायुष्य लाभल्याची आहे. याच जिल्ह्यात बालकांचे आयुष्य राखण्याचे काम पुढे खेड्यातील स्त्रियांनी केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत अशा स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, त्याचे वजन करणे, आजार ओळखून उपचार करणे आणि आईला स्तनपानास साहाय्य करणे, ही त्यांची कामे. १९९३ ते २००३ या काळात तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला.

या अनुभवातील एक धडा व्यापारी घरांनीही घ्यावा असा आहे. कळा लांबल्या, रक्तस्राव अधिक झाला किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, की दूध उतरण्यास तीन-चार दिवस, क्वचित अधिकही लागतात. बाळ रडते, बाळंतीण वेदनेने थकलेली असते आणि ‘हिला दूधच नाही’ असा निकाल घरात लागतो. पुढे दुकान, मागे घर; दुधाच्या पावडरीचा डबा हाताच्या अंतरावर असतो.

वास्तविक पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीकच पुरतो. दूध जितके काढले जाते तितके ते तयार होते. न मागितलेला माल कोणी भरत नाही, तसेच हे. म्हणून शुद्ध येताच बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. टाक्यांवर भार नको असेल, तर कुशीवर निजून पाजावे. बाळ दूर कक्षात असेल, तर पहिल्या काही तासांपासूनच दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने चीक काढून वाटी-चमच्याने पाजण्यास पाठवावा. मध जैन घरात वर्ज्यच आहे; गुळाचे पाणी व गुटीही टाळावी.

तथापि धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा वेळा लघवी होत नसली, तर डॉक्टरांना दाखवावे. चांगले चोखणारे बाळ एकाएकी मंदावले, सैल वा गार पडले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर त्यात आईचा कमीपणा नाही. ते वाटी-चमच्याने द्यावे आणि अंगावर पाजणे चालू ठेवावे.

१९९२ च्या कायद्याने शिशुदुग्धाच्या पावडरीची जाहिरात व मोफत नमुने यांस मनाई केली आहे. विक्रीस मनाई नाही. म्हणूनच गल्ल्यावर बसणाऱ्याचे शब्द मोलाचे ठरतात. तिसऱ्या दिवशी घाबरलेला बाप डबा मागण्यास आला, तर ‘डॉक्टरांनी सांगितले आहे का?’ एवढे विचारावे. आणि घरात सासूबाईंनी सुनेच्या पाठीशी उशी ठेवून बाळ तिच्या कुशीत द्यावे. एका डब्याचा नफा गेला तरी चालेल. हे तीन दिवस परत येत नाहीत.