आकडा नाही, तर कॅम नाही

जुन्या बुलेटला ‘परफॉर्मन्स कॅम’ बसवून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला दोनच प्रश्न विचारा. व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो? आणि इनलेट नक्की केव्हा बंद होतो? बहुतेक ठिकाणी आकडा मिळणार नाही. मिळेल ते एवढंच, ‘साहेब, बसवून तर बघा, गाडी नुसती पळते.’ ज्याला हे दोन आकडे सांगता येत नाहीत, त्याला टायमिंग कव्हरचे स्क्रू सैल करायचा अधिकार नाही. आणि ते न विचारता पैसे मोजणाऱ्यानेही नंतर कपाळावर हात मारून घेऊ नये.

मी बोलतोय ते बिडाच्या ब्लॉकच्या, पुशरॉडवाल्या साडेतीनशेबद्दल. 1955 साली मद्रासमध्ये बुलेट जोडायला सुरुवात झाली आणि मूळ इंग्लंडच्या रेडिचमधल्या आराखड्यावरचं हे इंजिन पुढे अर्धशतकाहून जास्त काळ आपल्याकडे बनत राहिलं. बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर, 346 सीसी, ताकद जेमतेम 18 अश्वशक्ती. स्ट्रोक बोअरपेक्षा एवढा लांब, फ्लायव्हील जड, कॉम्प्रेशन सातच्या आसपास. कमी फेऱ्यांत ओढण्यासाठीच हे इंजिन घडवलं आहे. 1952 साली जॉनी ब्रिटन यांनी स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल बुलेटवरच जिंकली. दगडधोंड्यांतून आणि चिखलातून पाय न टेकता, जवळजवळ चालण्याच्या वेगाने गाडी काढायची ही स्पर्धा. या इंजिनाचा खरा गुण तिथे दिसला. वरंधा घाटाच्या चढावर मागे माणूस आणि सामान घेऊन गाडी धडधडत चढते, तीही त्याच गुणावर.

तुमचा ‘परफॉर्मन्स’ म्हणजेच ‘गरम’ कॅम नेमका हाच गुण मारतो. पिस्टन तळाला जाऊन पुन्हा वर निघाला तरी इनलेट थोडा वेळ उघडाच असतो. गरम कॅम तो आणखी उशिरापर्यंत उघडा ठेवतो. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा आत शिरणाऱ्या मिश्रणालाच वेग असतो, म्हणून उशिरापर्यंत ते आत येत राहतं. पण कमी फेऱ्यांत तो वेग नसतो आणि वर येणारा पिस्टन तेच मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो. आधीच कमी असलेलं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात आणखी घटतं. भर म्हणून एक्झॉस्ट आणि इनलेट एकाच वेळी उघडे राहण्याचा काळही वाढतो, त्यामुळे आयडलिंग बिघडतं आणि गाडी सिग्नलवर बंद पडते. ताकद नाहीशी होत नाही, ती वरच्या फेऱ्यांत सरकते. ज्या फेऱ्यांत तुम्ही रोज गाडी चालवता तिथून काढून, ज्या फेऱ्यांत हे इंजिन टिकणारच नाही तिथे नेऊन ठेवली जाते.

टिकणार नाही हे मी मोजून सांगतो. 90 मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन मिनिटाला 5500 फेऱ्यांना सरासरी सेकंदाला साडेसोळा मीटर वेगाने धावतो. वर-खाली होणाऱ्या भागांचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 4500 वरून 5500 वर गेलात की तो जवळजवळ दीडपट होतो. हा ताण झेलायला खाली काय आहे? अॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड, बिग एंडला तरंगतं बुश आणि दोन छोटे प्लंजर ऑइल पंप. कॅम विकणारा या बुशबद्दल अवाक्षर काढत नाही. ते गेलं की क्रँक उघडायचा, आणि त्याचं बिल वेगळं.

बसवण्याची तऱ्हा तर संताप आणणारी. नवा कॅम आणि त्यावर जुने, झिजलेले टॅपेट. सपाट टॅपेट ज्या कॅमवर घासला त्याच्याशीच त्याची जोडी जमलेली असते. नव्या कॅमवर जुना टॅपेट ठेवणं म्हणजे पहिल्या काही तासांतच कॅमचं नाक खरवडणं. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकतात का, हे कोणी पाहत नाही. पिस्टनच्या माथ्यावर मुलांची खेळण्याची माती लावून हेड बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं, पुन्हा उघडून मातीची जाडी मोजायची. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर कळायला एवढं पुरतं, पण तेवढंही होत नाही. डिग्री व्हील आणि डायल गेज भिंतीवर टांगलेलंसुद्धा दिसत नाही. गिअरवरच्या खुणा जुळवल्या की काम संपलं.

‘पण बसवल्यावर गाडी खरंच पळायला लागली,’ असं म्हणणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत, पण कारण चुकीचं धरतात. वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात मूळ कॅमच झिजलेला असतो. व्हॉल्व्ह पुरता उचलला जात नाही, दम कमी होतो. अशा वेळी कंपनीच्या मूळ मापाचा नवा कॅम आणि नवे टॅपेट टाकले तरी गाडी ताजी वाटणारच. त्यातच हेड उघडून सीट घासल्या, रिंगा बदलल्या, पॉइंट आणि कार्ब्युरेटर लावला, तर फरक आणखी जाणवणार. दुरुस्तीचं श्रेय ‘परफॉर्मन्स’ नावाच्या डब्याला देऊन त्याची दुप्पट किंमत लावणं ही सरळ फसवणूक आहे.

कॅम बदलूच नये असं मी म्हणत नाही. शर्यतीसाठी इंजिन बांधणारे बदलतात आणि नीट बदलतात. पण ते आधी क्रँक आणि बिग एंड पाहतात. मग पिस्टन, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, कार्ब्युरेटर, सायलेन्सर एकमेकांना साजेसे ठरवतात आणि त्या सगळ्यांना जुळेल असा कॅम निवडतात. जुन्या ड्रम ब्रेकवर वाढलेला वेग थांबवायचा कसा, हाही हिशेब ते करतात. एवढं सगळं करायची तयारी नसेल, तर मूळ मापाचाच कॅम घाला. त्यात कमीपणा नाही.

म्हणून कॅम मागण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा. मूळ कॅमची झीज तुमच्यासमोर मोजायला लावा. नवा कॅम आला की लिफ्ट, ड्युरेशन आणि उघडण्या-मिटण्याचे अंश लिहिलेला कागद मागा, बसवल्यावर ते अंश डिग्री व्हीलवर दाखवायला सांगा, आणि काढलेले जुने भाग घरी घेऊन या. यातल्या एकाही गोष्टीला गॅरेजवाला खळखळ करत असेल, तर चावी परत घ्या आणि दुसरा मिस्त्री शोधा.