जशी झाली तशी मैफल

शास्त्रीय संगीताच्या कोणत्याही रसिकाला विचारा, की घरातल्या ध्वनिफितींपैकी सर्वात जपून ठेवलेली कोणती? तो बहुधा एखाद्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाकडेच बोट दाखवील. स्टुडिओतली तबकडी स्वच्छ असते, हे खरे. पण मैफलीच्या फितीत तानपुरा जुळवण्याचा आवाज असतो, मध्येच कुणाचे खोकणे असते, समेवर उमटलेली दाद असते. गवई आपल्या समोर बसला आहे असे वाटते, ते यामुळेच.

रॉक संगीताच्या चाहत्यांनाही नेमकी हीच ओढ असते, हे मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. मुलांच्या खोलीतून ड्रमचा आवाज आला की 'काय हा गोंगाट' म्हणून आपण दार लोटून घेतो. अशा वडीलधाऱ्यांनी दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम एकदा अवश्य ऐकावा.

सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा यांतून १९९० मध्ये हा बँड उभा राहिला. नमुन्यादाखल एक फीत मुद्रित करायची होती, पण पैसे नव्हते. तेव्हा सुस्मित यांनी आपली इलेक्ट्रिक गिटार विकली. पुढे राहुल राम बास गिटार घेऊन आले आणि १९९४ मध्ये अमित किलम ड्रमवर बसले. त्याआधी १९९३ मध्ये पहिला अल्बम निघाला होता. पण तो काळ इंडीपॉपचा होता. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने आणि दलेर मेहंदीच्या भांगड्याने दूरचित्रवाणीचा पडदा व्यापून टाकला. लांबलचक रचना, मोजके शब्द आणि नाचगाण्याचा पत्ता नाही, असे संगीत त्या बाजारात बसणे कठीणच होते.

१ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत 'सहमत' या संस्थेच्या कार्यक्रमात हे चौघे वाजवायला बसले. या तारखेला एक दुःखद संदर्भ आहे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीलगतच्या साहिबाबादमध्ये 'हल्ला बोल' हे पथनाट्य सुरू असताना सफदर हाश्मी यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलोयश्री यांनी सहकाऱ्यांसह त्याच जागी जाऊन ते नाटक पूर्ण केले. अशा आठवणीसाठी जमलेल्या श्रोत्यांपुढे झालेले हे वादन जसे झाले तसे ध्वनिमुद्रित झाले आणि त्याचाच 'डेझर्ट रेन' झाला.

ऐकताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तबला आणि ड्रम शेजारी आले की बिचारा तबला बुडतो, असा आपला अनुभव. इथे दोघे एकमेकांना जागा देतात. असीम तबला वाजवता वाजवताच गातात. सुस्मित यांची गिटार आलापासारखी सावकाश उलगडते. थेट मुद्रणात चुकले तर पुन्हा घेण्याची सोय नसते. म्हणून चौघांचे कान एकमेकांकडे लागलेले असतात. चाहत्यांना भावते ते हेच.

या बँडचे नाव देशभर झाले ते २००० मधील 'कंदिसा'मुळे. त्यातले 'मा रेवा' नर्मदा खोऱ्यातून आलेले आहे. राहुल राम यांनी नर्मदा बचाओ आंदोलनात काही वर्षे काम केले होते. 'कंदिसा' अधिक घोटीव आहे, याबद्दल वाद नाही. तरीही जुने चाहते 'डेझर्ट रेन'कडे वळतात, आणि आता त्याला आणखी एक कारण आहे. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती गेले. २०१३ मध्ये सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले. बँड नव्या साथीदारांसह वाजवतो आहे, उत्तम वाजवतो आहे. पण ते चौघे एका मंचावर पुन्हा दिसणार नाहीत. नाव व्हायच्या आधीची, सारे काही सिद्ध करायचे बाकी असतानाची त्यांची ती संध्याकाळ या अल्बमनेच राखून ठेवली आहे.

तेव्हा एखाद्या रविवारी मुलांना हा अल्बम लावायला सांगा आणि मध्येच न उठता शेवटपर्यंत ऐका. मग तुमच्या कपाटातली मैफलीची फीत त्यांना ऐकवा. दाद कुठे आली, हे दोघांनीही एकमेकांना दाखवावे. आवडनिवड वेगळी राहिली तरी चालेल. निदान मधले दार तरी उघडे राहील.