रिकाम्या कार्ट्रिजचा परतीचा प्रवास

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या गावातही झेरॉक्सची दुकाने व कार्यालये आज लेसर प्रिंटरवर विसंबून आहेत. टोनरचे नवे कार्ट्रिज येते ते मोठ्या बडदास्तीने. ड्रम उजेडाने बिघडतो म्हणून काळी पिशवी, भुकटी सांडू नये म्हणून पुठ्ठ्याचे साचे किंवा हवेच्या उशा, वर भक्कम खोके! हे सारे वेष्टण त्याच दिवशी उकिरड्यावर जाते. आणि रिकामे कार्ट्रिज परत धाडायचे म्हटले, की नेमके तेच हाताशी नसते. आत उरलेली प्लॅस्टिकची भुकटी काही मायक्रॉन इतकी सूक्ष्म. ती उघडीवाघडी टपालात टाकणे म्हणजे इतरांच्या पत्रांवर उधळणेच.

परंतु परत घेणार तरी कोण? १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी प्रिंटर व कार्ट्रिजची जबाबदारी उत्पादकावर टाकली. २०२५-२६ व २०२६-२७ साठी उद्दिष्ट ७० टक्के. तथापि हिशेब वजनाचा, आणि प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम यांवर. कार्ट्रिज बव्हंशी प्लॅस्टिकचे! शहरातील भंगारातून उद्दिष्ट पुरे होत असता संग्रामपूरच्या वाटेला कोण लागेल?

पुन्हा टोनर भरून देणारे कारागीर हा भार काहीसा हलका करतात, हे मान्य. पण ड्रम झिजला की त्यांचाही इलाज संपतो. कॅननने १९९० मध्येच वापरलेली कार्ट्रिजे परत घेण्यास आरंभ केला होता. तेव्हा परतीचे टपाल भरलेले, पुन्हा वापरता येईल असे खोके देण्याची अट शासकीय खरेदीच्या निविदांत घालण्यास अडचण कोणती?