दुरुस्तीचा हक्क कोणाचा?

कपडे घुसळले जातात, पण पिळण्याची वेळ आली की धुलाईयंत्र हटून बसते. कारण बहुधा क्षुल्लक असते: सैल पट्टा, झाकणाचा बिघडलेला स्विच किंवा तुंबलेला पंप. कोपऱ्यावरचा कारागीर हे सहज निस्तरील. परंतु सुटे भाग कारखानदाराच्या मुठीत. काही यंत्रांत तर पिंपच कायमचे सांधून टाकलेले, म्हणजे बेअरिंग झिजले की अख्खे पिंप बदला! युरोपीय संघाने २०२१ पासून धुलाईयंत्रांचे महत्त्वाचे सुटे भाग किमान १० वर्षे पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. हे बंधन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच घातले पाहिजे, आणि भाग कंपनीच्या केंद्राइतकेच त्या कोपऱ्यावरच्या कारागिरालाही, त्याच दराने, मिळाले पाहिजेत.