ओरत्तनाडुचं पानक आणि आपलं पन्हं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा प्यायला काय द्यायचं, यावर मंडळाच्या बैठकीत बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी ‘फ्रूट मॉकटेल’च्या तयार बाटल्या मागवायचं ठरलं. मी पानकाचं नाव काढलं. गूळ, सुंठ, लिंबू, तुळस घालून आपण घरीच करू, चार-सहा घरांत वाटून घेऊ, म्हटलं. उत्तर आलं, “ते तमिळ लोकांचं. आपलं पन्हं कैरीचं, आणि इथे इंग्लंडात धड कैरी मिळत नाही.” बैठक पुढच्या विषयाकडे वळली. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. त्यातली दोन्ही विधानं मला चुकीची वाटतात, आणि का ते मांडायचं आहे.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु येतं. भातशेती आणि नारळाच्या बागांचा मुलूख. या गावाचं दुसरं नाव मुक्तांबाळपुरम. ही मुक्तांबा म्हणजे तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांची प्रिय सखी. तिचं राजांशी रीतसर लग्न झालेलं नव्हतं. मरताना तिने आपल्या नावाने अन्नछत्र बांधावं असं मागितलं, असं सांगतात. सरफोजींनी ते १८०२ मध्ये इथे उभं केलं. रामेश्वराला जाणारे यात्रेकरू या वाटेने जात, त्यांच्या पोटापाण्याची आणि निवाऱ्याची सोय व्हावी म्हणून. तिथले लोक ‘चत्रम’ म्हणतात तेच आपलं छत्र.

त्याच काळातलं सरफोजींचं एक पत्र मला फार मोलाचं वाटतं. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलं ते छत्रांविषयी: ती चालू राहिली पाहिजेत. तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात आणि आपल्या साऱ्या बिरुदांत हेच आपण मोठं मानतो, असं त्यांनी त्यात सांगितलं. छत्रांत काय चालतं याचं वर्णनही केलं. कुठल्याही जातीच्या वाटसरूला शिजलेला भात मिळतो. जोगी, जंगम, बैरागी सगळ्यांना मिळतो. शिजलेलं चालत नसेल त्याला कोरा शिधा आणि मसाला. लहान मुलांना दूध. आजाऱ्याला वैद्य. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होतो की अजून कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं.

मी ओरत्तनाडुला गेले ते रामनवमीच्या आसपास. छत्राच्या जुन्या दगडी इमारतीसमोर थोडा वेळ उभी राहिले आणि परतताना रस्त्यालगतच्या एका देवळासमोरच्या मांडवात थांबले. स्टीलच्या पिंपांतून दोन गोष्टी वाटत होते, पानकम आणि नीर मोर, म्हणजे पातळ ताक. कुणी कोण, कुठली, विचारलं नाही. पेला पुढे आला. आधी गुळाची गोडी, मग सुंठ घशाशी, त्यानंतर लिंबू आणि तुळस, आणि सगळ्यांत शेवटी जिभेवर कापराचा गारवा. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही देता येईल असं मला वाटत नाही. माझ्या आजीच्या पन्ह्यात वेलदोडा असे, कधी केशर असे, कापूर कधीच नसे. मलाही वाटलं, हा इथला प्रकार, आपला नव्हे.

घरी येऊन भावप्रकाश उघडला. सोळाव्या शतकातला हा वैद्यकग्रंथ. त्यात कैरीचं पानक आहे: कच्चा आंबा पाण्यात उकडायचा, हाताने कुस्करायचा, त्यात साखर, थंड पाणी, कापूर आणि मिरी. हे पेय भीमसेनाने बनवलं अशी आख्यायिकाही तिथे जोडलेली आहे. म्हणजे कैरीच्या पन्ह्यातला कापूर आणि मिरी आपण कधीतरी सोडून दिली आणि तमिळ मांडवाने आपल्या पिंपात ती जपून ठेवली. त्याच ग्रंथात कैरीच्या पाठोपाठ चिंचेचं पानक आहे, लिंबाचं आहे, धण्याचंही आहे. ‘पन्हं’ हा शब्द पानकावरूनच आला. कैरी त्यातलं एक फळ. ते लाडकं असेल, पण एकटं नाही.

तंजावरच्या मराठ्यांना हे ठाऊक होतं. व्यंकोजी राजे १६७५ च्या सुमारास तिथे गेले, १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी राहिली, आणि ती संपल्यावरही माणसं तिथेच राहिली. समर्थ संप्रदायाचे मठ तिथे आहेत. सरफोजींनी १८०३ मध्ये तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतींवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्यांच्या मुदपाकखान्याचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलं आहे. सांबाराची दंतकथा तर सर्वांना माहीत आहे: तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलं मिळाली नाहीत म्हणून आमटीत चिंच घातली, आणि सांबार झालं. ती कथा खरी असो वा रचलेली, तिच्यात परमुलखात राहणाऱ्या माणसाची रीत आहे. आमसूल नाही म्हणून त्या कथेतलं स्वयंपाकघर आमटी करायचं थांबलं नाही. आपण मात्र कैरी नाही म्हणून बाटली मागवतो.

मॉकटेल या शब्दाशीही माझं भांडण आहे. त्या नावातच नक्कल आहे. दारूचा पेला असावा तसा दिसणारा, पण दारू नसलेला. पानक कशाचीच नक्कल नाही. गंमत अशी की इंग्रजांच्या समारंभातल्या ‘पंच’ या पेयाचं नावच आपल्या ‘पाच’वरून आला, असं जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. तो हिंदुस्थानात फिरत होता तेव्हाच व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसत होते.

आता कृतीकडे येते, कारण नुसत्या वादाने पेला भरत नाही. १ लिटर पाण्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम चिरलेला गूळ. तापवायचं नाही, तासभर भिजू द्यायचा, मग फडक्यातून गाळायचा, कारण गुळात काड्या-कचरा असतोच. चमचाभर सुंठपूड, अर्धा चमचा वेलदोडापूड, चिमूट मिरपूड, चिमूट मीठ. दोन लिंबांचा रस अगदी शेवटी. तुळशीची आठ-दहा पानं हाताने तोडून देण्याआधी पंधरा मिनिटं घालायची. आधीपासून पडून राहिली तर काळवंडतात आणि वास उडतो. कापूर खायचाच हवा, तोही मोहरीएवढा. आरतीचा कापूर पोटात जाणं धोक्याचं आहे, तेव्हा खात्री नसेल तर तो घालूच नका. आणि पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट ठेवू नका, स्टील किंवा काच घ्या.

हे झालं तंजावरचं. इथलं पन्हं मी रूबार्बचं करते. हळदीकुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चालतं, आणि याच दिवसांत इथे परसात रूबार्ब येतो, कैरीसारखाच दात आंबवणारा. फक्त देठ घ्यायचे, पानं विषारी असतात. अर्धा किलो देठांचे तुकडे थोड्या पाण्यात दहा मिनिटं मऊ होईपर्यंत शिजवायचे, न दाबता गाळायचे. गुलाबी रस उतरतो. याला मी साखर घालते. गुळाने तो रंग मरतो. मग वेलदोडा, सुंठ आणि मूठभर पुदिना. इंग्रज लोकही रूबार्बला आलं लावतात, तेव्हा या जोडीत नवल काहीच नाही. जूनमध्ये एल्डरच्या फुलांचं आणि हिरव्या गूसबेरीचंही असंच जमतं.

काही आक्षेप योग्य आहेत. वेळ लागतो, हे खरं. पण सहा घरांनी तीन-तीन लिटर केलं तर एका घराला तासाभराचं काम. मधुमेह असलेल्यांचं काय? गूळ म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही, साखरेसारखा तोही गोडच. त्यांच्यासाठी नीर मोर: पातळ ताक, आलं, कढीलिंब, कोथिंबीर, हिंग. तंजावरकडच्या मांडवात दोन पिंपं शेजारी असतात, तशीच आपणही ठेवू.

पदार्थ नेमका कोणता, यावर मी अडून बसणार नाही. कुणाला गोठवलेल्या कैरीच्या फोडी मिळाल्या तर कैरीचं करा, मी आनंदाने पिईन. माझा हट्ट एवढाच की ते आपल्या हातचं असावं आणि कुपन न फाडता मिळावं. गेल्या वर्षी दारात कुपनं तपासली गेली आणि एका सभासदाच्या शेजारीणबाई, ज्या केवळ गौर बघायला आल्या होत्या, काही न पिता परत गेल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी हे पुन्हा मांडणार आहे. रूबार्ब माझ्या परसातला आणते. तुळस हिवाळ्यातून ज्यांच्याकडे जगली असेल त्यांनी ती आणावी, पुदिना तर सगळ्यांकडेच माजलेला असतो. एक पिंप शेवटपर्यंत राखून ठेवू. आरती, उखाणे, आवराआवर झाली की कुणीतरी घंटा घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आणि गाड्या लावतात तिथे जाऊन यावं, कुणाचं राहिलंय का म्हणून. रात्री दहाला सभागृहाला कुलूप लावायला येणारे गृहस्थ आहेत ना, ते इतकी वर्षं आमची वाट बघत दाराशी उभे असतात. त्यांना आजवर कुणी पेला दिलेला नाही.